बिजलीचा खुराक

"आईला मी उभी करतो. फकस्त मला एक शेरडू आणू द्या," असं सुभेदार लालासाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा ऐकायला घरात दोनच माणसं होती. एक त्यांची बायको अंजना आणि दुसरी सोप्यात खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली आई हरणाबाई. पण लालासाहेबांची बोलायची तऱ्हाच अशी, की समोर अख्खी पलटण सावधान उभी आहे असं वाटावं.

आता शेळीची गोष्ट म्हटलं की तुम्ही हसायला बसाल, म्हणून आधीच सांगतो, प्रकरण गंभीर होतं. हरणाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. आष्ट्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितला, हाड शाबूत निघालं. पण म्हातारीच्या मनानं धास्ती घेतली. खाट धरली ती धरलीच. उसाच्या सरीत गड्यांच्या पुढं खुरपत जाणारी बाई, आता उठवायला गेलं की म्हणायची, "उठून कुठं जायाचं हाय मला?" पेजेचे चार घोट घ्यायची आणि मान फिरवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध काही नाही. पोटात अन्न गेलं पाहिजे आणि चाललं पाहिजे, नाहीतर पाय कायमचे जातील. लालासाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन गोठ्यामागं जाऊन रडले. रिटायर झालेला का होईना, सुभेदार माणूस, चारचौघांत कसा रडणार?

त्यातच एक दिवस शेजारच्या वस्तीवरून वाटीभर शेळीचं दूध आलं. लालासाहेबांनी वाटी आईच्या तोंडाला लावली आणि काय आश्चर्य, हरणाबाईंनी ती सगळी संपवली. झालं. लालासाहेबांना रस्ता सापडला.

आष्ट्याच्या बाजारात हाफिजभाईंकडं त्यांना एक काळीभोर, कपाळावर पांढरा पट्टा असलेली शेळी पसंत पडली. नाव बिजली. नुकतीच व्यालेली, सोबत दोन करडं. हाफिजभाईंनी तिची कास दाखवली, दुधाची धार काढून दाखवली. खायला काय घालता म्हणून विचारल्यावर ते हात हलवून म्हणाले, "खास काय न्हाई साहेब. कुंपणाला तोंड लावती, बाभळीच्या शेंगा खाती, जे दिसंल ते ओरबाडती."

हे उत्तर ऐकून दुसरा कुणी शेळी घेऊन गप घरी गेला असता. लालासाहेब मात्र विचारात पडले. त्यांनी नोकरीतली निम्मी वर्षं पलटणीच्या शिधा भांडारावर काढली होती. माणूस असो की खेचर, राशन बरोबर असलं की काम बरोबर, हा त्यांचा धर्म होता. कुंपणं ओरबाडून ही एवढं दूध देते, तर नीट राशन मिळाल्यावर किती देईल? वाटेतच त्यांचा हिशोब पूर्ण झाला. त्या हिशोबात आई पुढच्या पौर्णिमेला मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाणार होती.

घरी आल्याबरोबर हुकूम सुटले. बिजलीला सोप्याच्या कट्ट्यालगत खुंटी ठोकून बांधलं. पाला बंद. पाला म्हणजे लालासाहेबांच्या मते रस्त्यावरचं खाणं. सकाळी भरडलेला मका आणि गहू, दुपारी शेंगदाण्याची पेंड, संध्याकाळी परत मका. वेळ चुकायची नाही आणि त्यांच्याशिवाय कुणी पाटीला हात लावायचा नाही.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला दूध वाढलं. लालासाहेबांनी खंडाळ्याच्या आपल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला आणि शेळीपालनावर तासभर बौद्धिक घेतलं. हरणाबाईंच्या समोर रोज दोन वेळा दुधात चुरलेली भाकरी जाऊ लागली. माझ्यासमोर उभं राहू नगंस, मला घास उतरत न्हाई, असं त्या म्हणायच्या, म्हणून लालासाहेब गोठ्यामागं जाऊन थांबायचे. परत येऊन बघावं तर वाटी चाटूनपुसून लख्ख. ती वाटी ते अंजनाला नेऊन दाखवायचे.

पण म्हातारीच्या अंगाला काही लागेना. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तेवढ्यात बिजलीचं दूधही उतरायला लागलं. लालासाहेबांनी मका वाढवला. दूध आणखी उतरलं. त्यांनी पेंड वाढवली.

इकडं अंजनाचा जीव वेगळ्याच कारणानं तुटत होता. तिच्या हिशोबात बिजली ही शेळी नंतर, आधी बाळंतीण. दोन लेकरं अंगावर पिणारी. आणि बाळंतिणीच्या अंगावर दूध यायचं तर तिला हळीव लागतात, मेथी लागते, बाजरीची गूळ-तूप घातलेली खीर लागते. हे काय पुरुषाला कळणार आहे? लालासाहेब उसाला पाणी पाजायला गेले, की ती पदराखाली पातेलं घेऊन खुंटीकडं जायची. बिजलीनं पहिल्या दिवशी नुसता वास घेतला. गुळाची गोडी लागल्यावर मात्र पातेलं दिसलं की मागच्या पायांवर उभी राहायला लागली. दूध कमी झालं तसं अंजनानं खिरीत तूप वाढवलं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. राशनमधली ढवळाढवळ त्यांना खपत नसे.

म्हणजे बघा, एकाच शेळीचं दूध वाढावं म्हणून एकाच घरातली दोन माणसं एकमेकांपासून लपून झटत होती. दोघांनाही वाटत होतं, आपण जरा कमी पडतोय.

मग ती सकाळ उजाडली. बिजली उठली नाही. डावी कूस टम्म फुगलेली, डोळे निस्तेज, नुसते दात खात पडून राहिली होती. करडं कासेला ढुशा मारत होती आणि तोंडात काही येत नव्हतं. लालासाहेबांनी धार काढायला बसून बघितलं. भांड्याचा तळसुद्धा ओला झाला नाही.

जनावरांच्या डॉक्टर अंकिता स्कूटीवरून आल्या. तरुण मुलगी, पण कामाला चोख. पोटाला हात लावला, कान लावला, ताप बघितला आणि उठून विचारलं, "हिला खायला काय घातलंत?"

लालासाहेबांनी छाती काढून वेळेसकट सगळं राशन सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की मका जास्तच आहे, पण एवढ्यानं इतकं व्हायला नको. अजून काही पोटात गेलंय का?

"शक्य न्हाई, मॅडम. माज्याशिवाय कुणी दाणा घालत न्हाई."

अंजनानं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी तिच्याकडं नुसतं बघितलं, तेवढं पुरलं. खीर, हळीव, मेथी, गूळ, तूप सगळं बाहेर आलं. लालासाहेब बायकोकडं बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना स्वतःला हळिवाची खीर एकदाही मिळाली नव्हती, पण ही वेळ ते काढायची नव्हती.

"आणखी कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

नवराबायकोनं माना हलवल्या. मग सोप्यातून, खाटेवरून आवाज आला.

"मी पन घालत व्हते."

लालासाहेब आत गेले. "तू? तू काय घालत व्हतीस आई?"

"काला. भाकरीचा."

"कशातला काला?"

"त्या दुधातलाच की रं. खाट कट्ट्याला लागून हाय. वाटी पुढं केली की ती तोंड घालती."

बाहेर करडं अजून दूध शोधत होती. बिजलीचं दूध निघत होतं, आईपर्यंत जात होतं, आणि तिथून भाकरीसकट परत बिजलीच्या पोटात. डॉक्टर अंकितांनी घाईघाईनं तोंड फिरवून सुई भरायला घेतली.

"मग त्या दिशी वाटीभर पिलीस ती?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुजं तोंड बघवंना मला," हरणाबाई म्हणाल्या. "मला त्या दुधाचा लय वास येतो, लाला. पयल्यापासनं."

लालासाहेब खाली जमिनीवरच बसले. माणूस खचला की कसा बसतो, तसे. आई कित्येक दिवस उपाशी होती आणि आपण रिकाम्या वाट्या मिरवत होतो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरांनी औषध पाजलं, सुया दिल्या आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं. शेळीचं पोट पाल्यावर आणि वाळल्या वैरणीवर चालतं. दाणा हवा, पण बेताचा. दाणा आणि गूळ जास्त झाला की पोट आंबतं, आणि पोट आंबलं की दूध आटतं. आता दाणा पूर्ण बंद. वाळका कडबा ठेवा, पोट हललं की थोडा थोडा पाला द्या. वाचेल असं वाटतंय, पण शब्द देत नाही.

"आन् दूध?" लालासाहेबांनी विचारलं.

"सध्या दुधाचं नाव काढू नका."

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. कोण जेवलं, कोण नाही, कुणी विचारलं नाही. करडांना बाटलीनं गाईचं दूध पाजायचं काम अंजनानं घेतलं. बिजलीचं पोट उतरलं, ती उठून उभीही राहिली, पण कडब्याला तोंड लावेना. लालासाहेबांनी शेवरीच्या फांद्या तोडून आणून तिच्या पुढ्यात टाकल्या. तिनं हुंगल्या आणि मान फिरवली. अंजनानं हातात धरून दिल्या, तरी तेच. अशी मान फिरवलेली त्या घरानं आधीच एक बघितली होती.

हरणाबाई खाटेवरून बघत होत्या. आधी मान वळवून, मग कोपरावर रेलून, मग चक्क उठून बसून. "भुईवर पडल्यालं ती कशाला खाईल? तुडवून ठेवलाय सगळा पाला," त्या करवादल्या. लालासाहेबांनी फांदी उचलून धरली तर म्हणाल्या, वर धर. वर धरली तर म्हणाल्या, तोंडात काय कोंबतोस. शेवटी कपाळाला हात लावून परत आडव्या झाल्या. आई इतकं बोलली याचंच लालासाहेबांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चूळ भरून सोप्यात आले आणि जागच्या जागी थिजले. खाट रिकामी होती. खुंटीही रिकामी होती.

"अंजना!" एवढंच ओरडून ते अनवाणी पळत सुटले. विहिरीत डोकावले, गोठा बघितला, उसाच्या कडेनं धावले. वाईट काय काय मनात येतं ते सगळं येऊन गेलं.

हरणाबाई बांधावर होत्या. शेवरीच्या कुंपणाला. एका हातात वेळूची काठी, दुसऱ्या हातानं वाकवून धरलेली फांदी. आणि बिजली मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पाय कुंपणावर टेकून, एकेक पान निवडून खात होती. म्हातारीचे पाय लटपटत होते, पण ती उभी होती. आपल्या पायांवर, कुणाचा आधार न घेता.

लालासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गोठा लांब होता आणि या खेपेला त्यांना लपायचंही नव्हतं.

"रडतोस काय?" हरणाबाई म्हणाल्या. "तुमा दोघांच्या हातात ऱ्हायलं तर मरंल की ह्ये शेरडू. कुणीतरी उठायाच पायजे व्हतं. त्या वरच्या फांदीला माजा हात पुरंना, ती वाकीव."

लालासाहेबांनी फांदी वाकवली. आई सांगेल तेवढीच, आई सांगेल तितका वेळ. ऊन चढल्यावर अंजना भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन बांधावर आली. हरणाबाईंनी तिथंच बसून अर्धी भाकरी खाल्ली आणि ठेचा तिखट नाही म्हणून कुरकुरल्या. अंजनाला ती कुरकूर ऐकून हुंदका आवरला नाही.

त्यानंतर म्हातारी रोज बांधावर जाते. बिजलीची खुंटी उपटून टाकली. मक्याच्या पाटीला हात लावायचा तर आता आईची परवानगी लागते आणि ती बहुतेक वेळा मिळत नाही. दूध परत सुरू झालं, पण हाफिजभाईंच्या दारात होतं तेवढं काही अजून आलेलं नाही. येतं ते हरणाबाई करडांना सोडतात.

लालासाहेबांनी फुशारकी मात्र सोडलेली नाही. आष्ट्याच्या बाजारात कुणी आईची तब्येत विचारली, की ते आवाज चढवून सांगतात, "शेरडानं उभी केली आईला, शेरडानं!" ऐकणाऱ्यालाही शेळी घ्यावीशी वाटते. तो जवळ येऊन हळूच विचारतो, सुभेदार, मग दूध किती देती? तेव्हा लालासाहेबांना एकदम आठवतं, की अंजनानं आणायला सांगितलेली कोथिंबीर घ्यायची राहिलीय.