रूपरावचे कोंगो कोणी पळवले?

"नुसते हात जोडून येऊ नोको सूनबाई, पार जमिनीले डोकं टेकवजो," असं सासूबाई सांगून गेल्या. ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, तिथं मी अजून तसंच करते. पण ते राहू द्या. ही गोष्ट ह्यांची आहे.

आमच्या दारावर पाटी आहे : 'गुप्तहेर महादेवराव. गुपचूप भेटावे.' नाव मी घेतलं नाही, पाटीनं घेतलं. "विदर्भात दोनच नाकं तेज," हे सांगतात, "एक माह्यं, एक पोलिसाच्या कुत्र्याचं. कुत्रं आता म्हातारं झालं." एरवी हे कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरांची हजेरी घेतात.

त्र्याऐंशी साली, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सरकीवाल्या बापूजींचा रूपराव धावत आला. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार, स्वतःचा रॉक बँड. गाणी स्वतःच लिहायचा, स्वतःच किंचाळायचा. परवा नागपूरच्या स्टुडिओत त्याची पहिली कॅसेट भरायची होती.

"काकाजी, माह्ये कोंगो गेले! कमरेएवढे दोन ढोल, निळी वीज रंगवलेले. वाजवणाऱ्या वासुदेवच्या घरी राहत. तो तर नोकरी लागून काल पुलगावले गेला. त्याच्या जागी भजनातले लक्ष्मणराव घेतले. आता वाजवणारा हाये, वाजवाचं नाई! कॅसेट नाई झाली तं केस कापून बाबाच्या दुकानात बसाचं, असं ठरलं हाये."

पोराचे डोळे भरले. मी बोलून गेले, "परवाच्या गाडीआधी तुह्या हाती देईन, बाबू." दिलेला शब्द म्हणजे माझ्या लेखी व्रतच.

हे येरझारा घालू लागले. "ड्रमवाला लग्न करून गेला, बासरीवाला रुसून गेला, वासुदेव नोकरीवर गेला. टोळी हाये ही!"

"लग्नही टोळीनंच लावलं काय?"

"पोरगी कोणी दाखवली, तपासलं काय तुनं?"

मग संशय लक्ष्मणरावांवर गेला. साठीचा माणूस रॉकमध्ये मान हलवतो म्हणजे वेषांतरच! हे त्यांच्या पाळतीवर गेले ते दोन भजनं टाळ कुटून परत आले.

दुपारी वासुदेवच्या घराची झडती. हेरानं सरळ प्रश्न विचारायचा नसतो, म्हणून ह्यांनी त्याच्या आईला, अनुसयाबाईंना, विचारलं, "माई, घरात काही परदेशी हालचाल?"

"आंबील हाये," त्या म्हणाल्या.

ती पिऊन, देवीला लांबूनच हात जोडून, हे निष्कर्ष घेऊन आले : "कोंगो मुळात आफ्रिकेचे. मूळ मालकानं परत नेले."

संध्याकाळी मी हळदीकुंकवाला तिथं गेले. जमिनीला डोकं टेकवलं, तर धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्यांखाली निळी वीज! थोरलीच्याही.

"माई, देवीआईच्या आत काय हाये?"

"कोंगो. दरसाल ज्या कोठ्यांवर देवी उभ्या करतो, त्यांत यंदा गहू भरला ना. पोरगं बँड सोडून गेलं, ढोल रिकामेच होते. उंचीले बरोबर बसले. काऊन?"

"हे सकाळपासून शोधून राह्यले."

"मंग विचारलं काऊन नाई? आंबील तेवढी दोनदा मांगतली!"

बसलेली देवी विसर्जनाआधी कशी हलवणार? रूपरावला निरोप धाडला आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी सांजेला अक्षता टाकून अनुसयाबाईंनी देवी हलवल्या, लुगडी उतरवून घड्या केल्या. तिकडे पानठेल्यावर हे रंगात आले होते, "माह्यं नाव ऐकलं अन् टोळीनं माल जागेवर आणून ठेवला!"

कोंगोवर हळदकुंकू तसंच होतं. ते पुसायला माझा हात होईना. पदर खोचला, घागर घ्यावी तसा एक कोंगो कमरेवर घेतला आणि मागच्या गल्लीनं रूपरावच्या घराकडे निघाले. दुसऱ्यासाठी परत यायचं होतं.