बंदुकीची सुरक्षित दिशा

घरातली बंदूक नेहमी रिकामीच असते. आजवर ज्यांच्या ज्यांच्या घरी मी बंदूक पाहिली, त्या प्रत्येकाने मी न विचारता, चहा येण्याच्या आधीच मला हे सांगितले आहे. वर्तमानपत्रात जे अपघात छापून येतात, तेही झाडून सगळे रिकाम्या बंदुकीनेच झालेले असतात. भरलेल्या बंदुकीला माणूस भितो, जपून धरतो, तिच्यासमोरून जात नाही. त्यामुळे तिने अजून कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. तेव्हा घरातली सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे रिकामी बंदूक, हे मान्य करावेच लागते.

आमचे शेजारी आणि भाऊबंद मारुतीराव यांच्याकडे अशी एक बारा बोअरची एकनळी आहे. आमचे गाव सीमाभागात, काकतीच्या पलीकडे, डोंगराला टेकून. परवाना पीकसंरक्षणाचा, म्हणजे रानडुकरांसाठी. ज्या रानात रताळी होत होती तिथे आता प्लॉट पडले आहेत आणि डुकरांनी केव्हाच मुक्काम हलवला आहे. परवाना मात्र वेळच्या वेळी वाढवून घेतला जातो. डुकरे येईनाशी झाली हे बंदुकीचेच यश आहे, असे मारुतीराव अर्जात लिहितात. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

मागे परवाना वाढवताना पोलीस ठाण्यातून सुरक्षिततेच्या सूचनांचे एक पत्रक मिळाले होते. ते कन्नडमध्ये होते. आमच्या गावात कन्नड सर्वांना येते. बसची पाटी, जमिनीचा उतारा, बाजारातली घासाघीस, सगळे आम्ही कन्नडमध्ये बिनचूक निभावतो. पण पत्रक वाचणे हा तत्त्वाचा प्रश्न होता. देवळात बैठक झाली आणि सूचना मराठीतून मिळेपर्यंत त्यांतली एकही पाळायची नाही, असे एकमताने ठरले. (मी अनुमोदन दिले. पत्रक मी आधी वाचले होते. बंदूक रिकामी करून ठेवा, कुलपात ठेवा, काडतुसे वेगळी ठेवा, असे काहीतरी होते.) मराठी पत्रकाची मागणी अजून विचाराधीन आहे आणि तोवर आम्ही बाणेदारपणे असुरक्षित आहोत.

तरीही एक सूचना आम्ही आपणहून पाळली. बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे, हे कुणालाही पटण्यासारखे आहे. मारुतीरावांच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी खोलीत, भिंतीला दोन खुंट्या ठोकायच्या होत्या. दिशा ठरवायला चारचौघांना बोलावले. उत्तरेला देवखोली, देवाकडे नळी करणे शक्यच नव्हते. पूर्वेला दार, पाहुणे येतात, बरे दिसत नाही. पश्चिमेला भिंतीपलीकडे मी राहतो, आणि त्या दिशेला मी लेखी हरकत घेतली. राहिली दक्षिण. दक्षिणेला फक्त स्वयंपाकघर होते. तिथे कुणी नसते, मारुतीरावांची बायको बायाक्का आणि सून मंजुश्री सोडून. तेव्हा दक्षिण सुरक्षित ठरली आणि सर्वांना पोहे मिळाले.

बायाक्कांनी कधी तक्रार केली नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेवढे दिवस मात्र त्या टवटवीत दिसतात.

"इलेक्शन लागलं की लई बरं वाटतंय बघा," त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या. "भाकरी थापताना पाठीला गार लागत न्हाय."

लोकशाहीवर इतका मनापासून विश्वास असलेली दुसरी मतदार मी पाहिलेली नाही.

आता पूजेचे सांगतो. खंडेनवमीला आम्ही हत्यारे पुजतो. कोयता, नांगराचा फाळ, मुलाची मोटरसायकल आणि बंदूक. देवापुढे रिकामे काही ठेवू नये, ही आमच्याकडची रीत. कलश रिकामा नसतो, परडी रिकामी नसते, शेजाऱ्याची वाटी परत करतानासुद्धा आम्ही तीत साखर घालतो. मग बंदूक रिकामी कशी पुजायची? म्हणून मारुतीरावांच्या वडिलांपासून नवमीला तिच्यात एक काडतूस घालतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. ज्याने भरले त्यानेच काढले तर घरची लक्ष्मी जाते, म्हणून काडतूस भरायचे थोरल्याने आणि दसऱ्याला सोने लुटायला निघण्याआधी काढायचे धाकट्याने. थोरले मारुतीराव, धाकटा गुंडू. इतकी नीट विचार केलेली पद्धत पोलिसांच्या पत्रकातही नव्हती.

बायकांनी हत्याराला हात लावायचा नाही, हा त्याच पद्धतीचा भाग. हत्याराच्या समोर उभे राहायला मनाई नाही.

गेल्या वर्षी भावांच्या वाटण्या झाल्या. गुंडू हिंडलग्याला नव्या घरात राहायला गेला. शेत, गोठा, नारळाची झाडे, सगळे वाटले. बंदूक थोरल्याकडे राहिली. काडतूस काढण्याचा मान कुणाकडे, हे मात्र कुणाच्या डोक्यातच आले नाही. मधे पंच म्हणून मी होतो, आणि एवढी एक बाब सोडली तर वाटणी आदर्श झाली.

दसऱ्याच्या दुपारी गुंडू सोने द्यायला आला तो पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला. सोपा भरला होता. मंजुश्री चहाचा ट्रे घेऊन आली. तिची मुलगी भाग्यलक्ष्मी नुकती पावले टाकायला लागली आहे; ती पदराला धरून मागे.

"मामा, काडतूस काढलंय न्हवं?" मंजुश्रीने विचारले.

"रिकामीच हाय गं," मारुतीराव म्हणाले. "दरसाल काढतोयच की आपण."

"कुणी काढलं?"

सणाच्या दिवशी चार माणसांत सुनेने सासऱ्याला दोन प्रश्न लागोपाठ विचारणे हे कसे दिसते, हे मी सांगायला नको. मारुतीरावांनी ट्रेमधला कप उचलला. तिचा नवरा विनोद म्हणाला, "आत जा बघू तू." म्हणजे दक्षिणेला. ती मुलीला कडेवर घेऊन परसात गेली. तेवढे एक तिने आमचे ऐकले नाही.

मग विनोदचा मित्र आदर्श, जो शहरात मोटरसायकलींच्या शोरूममध्ये आहे, त्याला बंदुकीबरोबर फोटो हवा झाला. फोटोत बोट घोड्यावर नसेल तर बंदूक काठीसारखी दिसते, हे त्याला ठाऊक होते. एक सांगितले पाहिजे: ठरलेली दिशा त्याने अजिबात बदलली नाही. नळी दक्षिणेलाच होती.

आवाज झाला तेव्हा बायाक्का परातीपाशी होत्या. पाठ दाराकडे. छर्रे उजव्या खांद्यात आणि दंडात गेले. मला तो आवाज अजून ऐकू येतो, आणि त्यानंतर त्या ओरडल्या नाहीत हेही.

"गुंडू, तू काढलं न्हाईस व्हय?" मारुतीराव म्हणाले.

"मी कशाला काढू? वाटणीत तुझ्याकडं आली न्हवं बंदूक?"

हा मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा होता आणि त्यावर थोडी चर्चा झाली. परसातून धावत आलेली मंजुश्री तोवर टॉवेलने रक्त दाबून धरत होती.

गाडीत बसेपर्यंत आम्ही पुरुषांनी कारण ठरवले. कुकर उडाला. कुकरला परवाना लागत नाही. बायाक्काच म्हणाल्या, "कुकरच सांगा. लायसन जाईल, ह्येंच्या बापाच्या हातची हाय ती." दवाखान्यातले डॉक्टर गुंडूच्या ओळखीचे. त्यांनी विचारले, कुकरमध्ये छर्रे कसे? डाळीत खडे असतात, असे आम्ही सांगितले. हल्ली भेसळ फार वाढली आहे, असे म्हणून त्यांनी पट्टी बांधली. हवालदार आला, त्याला सोप्यातल्या सर्वांनी आपापल्या शब्दांत एकच हकीकत सांगितली. इतकी एकी आमच्या गावात सीमाप्रश्नावरसुद्धा झालेली नाही.

बायाक्कांचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. भाकऱ्या मंजुश्री थापते. परात त्याच जागी आहे, कारण उजेड तिथेच येतो. भाग्यलक्ष्मी तिच्या पायाशी खेळते. बंदूक पुसून, तेल देऊन परत खुंटीवर गेली आहे. नवमी दरसाल येते.

परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा मंजुश्री गावभर फिरली. चौकशीला येणाऱ्या हवालदाराला दसऱ्याला काय झाले ते एका माणसाने खरे सांगावे, एवढेच तिचे म्हणणे होते. आपण सून; घरात भांडण म्हणून बोलते म्हणतील. म्हणून बाहेरचा एक माणूस हवा. विनोद म्हणाला, बापाविरुद्ध कसे बोलू? आदर्शने फोन उचलला नाही. गुंडू म्हणाला, बोललो असतो, पण वाटणीचा राग काढला म्हणतील. शेवटी ती माझ्याकडे आली.

मी तिला समजावले. माझा जबाब एकदा कुकर म्हणून झालेला आहे. आता बंदूक म्हटले तर मीच खोटा ठरेन, आणि माणसाने दिलेल्या शब्दाला पक्के असावे.

"मग मी काय करू काका? माझं पोरगं तितंच असतंय की दिवसभर."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते असते तर मला सोपे गेले असते. मी म्हटले, "असं करतो, मी हे सगळं लिहून काढतो. वाचणारी माणसं शिकलेली असतात. त्यातला एखादा तरी पुढं येईल."

"लिवा की," ती म्हणाली. "वाचतील, हसतील. मग म्हणतील, कसली अडाणी माणसं हाईत बघा तिकडं."

मी तुमच्या वतीने तिच्याशी भांडलो. आमचे वाचक तसले नाहीत, असे ठणकावून सांगितले.

"मग सोमवारी हवालदार यायलाय," ती म्हणाली. "तुमच्या वाचणाऱ्यांस्नी सांगा यायला."

सोमवारी हवालदार आला, सोप्यात बसला, चहा प्याला, सही घेऊन गेला. मंजुश्री दिवसभर दारात उभी होती म्हणे. मला खडेबाजारात काम निघाले होते. तुम्ही कुठे होता?