ऑइलची आवक-जावक

प्रगती पहिल्या बाळंतपणाला बेलवलीला आमच्याकडे आली, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "ऐन वेळी रिक्षा शोधत फिरायचं नाही. घरची गाडी आहे ना!" गाडी सतरा वर्षांची होती. प्रगतीने आईकडे पाहिलं. आईने देवाकडे.

दवाखाना उल्हासनगरात, म्हणजे गाडी तयार हवी. बिल्डिंगच्या उतारावर ती उभी असे. सकाळी तिथेच ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल पार तळाला! घातलं थोडं. दुसऱ्या दिवशी तरी पट्टी भरावी? छे! घातलं आणखी. चार दिवसांनी गाडीखाली काळं डबकं दिसलं. ऑइल गळत होतं! मग पट्टी बघणं सोडून मी नुसतंच ओतत सुटलो. (नगरपालिकेत तीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलंय. जावक वाढली की आवक वाढवायची, एवढं इंजिनिअरिंग मला येतं.)

"अहो, मेकॅनिकला दाखवा," संजीवनी म्हणाली.

"तो काय वेगळं करणार? ऑइलच घालणार ना?"

गुरुवारी दुपारी प्रगतीला कळा सुरू झाल्या. मागे मायलेकी, पुढे मी. अंबरनाथ येतंय तोच प्रगती म्हणाली, "बाबा, जळका वास येतोय."

"केमिकल कंपनीचा असेल गं."

"बाबा, धूर येतोय!"

तो मात्र आमच्याच बॉनेटमधून येत होता. तेवढ्यात प्रगती कळवळून ओरडली. माझ्या हौसेपायी लेकीचं काही बरंवाईट झालं तर? दिसलं त्या गॅरेजसमोर मी गाडी घातली.

साईनाथ नावाच्या मेकॅनिकने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली.

"काका, किती ऑइल टाकलंय?"

"गळतंय ना!"

"गळणारच! गळ्यापर्यंत भरलंय. पट्टी कुठे बघता?"

"बिल्डिंगच्या उतारावर."

"उतारावर खोटंच दाखवते ती, काका. सपाटीवर बघायचं. तुमचं ऑइल एकदम बरोबर होतं. ओतून ओतून सील घालवलंत, आता गरम सायलेन्सरवर पडून जळतंय. जादाचं काढतो, सील बदलतो. दोन तास."

"दोन तास?" संजीवनी एवढंच म्हणाली. मी मान वळवेपर्यंत दोघी रिक्षात बसल्यासुद्धा होत्या.

मी स्टुलावर बसलो. खाली ट्रेमध्ये माझं आठवडाभराचं इंजिनिअरिंग पडत होतं आणि हातातला फोन काही वाजत नव्हता. ओळखीचे-बिनओळखीचे सगळे देव आठवून झाले. शेवटी वाजला, संजीवनीचा.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

मी साईनाथच्या गळ्यात पडून चक्क रडलो. "शर्ट खराब होईल, काका," तो म्हणाला. होऊ दे म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी गाडी धुऊन-पुसून दवाखान्यासमोर, सपाट जागी उभी केली. खाली पेपर अंथरून पाहिला, एक थेंब नाही! दुपट्यातली नात घेऊन प्रगती पायऱ्या उतरली. मी दार उघडून उभा.

"वा बाबा, मस्त झाली गाडी!" ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. "तुम्ही सामान घेऊन या हं."

सामान डिकीत भरलं. संजीवनी रिक्षापर्यंत गेली, थबकली, परत आली आणि डिकीतली एक पिशवी उचलून चालू लागली.

"बाळाचे लंगोट आहेत," ती म्हणाली. "ते वेळेवर पोचायला हवेत."