छत्तीस शुभेच्छुक

“सर, तुम्हाला स्वतःला वेबसाइट बनवता येत नाही म्हणून आम्हाला सांगताय का?”

नववी ‘ब’मध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. प्रश्न विचारला होता शेवटच्या बाकावरच्या स्नेहाने, आणि विचारायला लावला होता पुढच्या बाकावरच्या उजमाने आणि अरफाने. “तू विचारून दाखव, मग मानलं तुला,” असं उजमा मागे वळून म्हणाली होती. पाच महिन्यांत वर्गातलं कुणी स्नेहाशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. त्याआधीचा विक्रम “जरा सरक ना” या वाक्याच्या नावावर होता. त्यामुळे प्रश्नाचं पुढे काय होईल याचा विचार करायला तिला फुरसतच मिळाली नाही. ती उठली आणि विचारून मोकळी झाली.

संगणकाच्या देवरे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“बरोबर ओळखलंस. नाव काय तुझं?”

“स्नेहा, सर.”

“नवीन आहेस?”

“जुलैपासून आहे, सर.”

“म्हणजे नवीनच. मग तूच बनव. शनिवारी पालकसभा आहे. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर आपल्या वर्गाचं पान दाखवायचंय. सदतीस फोटो, खाली नावं, हजेरीच्या क्रमाने. बस खाली.”

उजमा आणि अरफा वहीआड हसत होत्या. स्नेहाही हसली, पण तोवर दोघींनी तोंडं पुढे वळवली होती.

स्नेहाचे पप्पा बुद्धभूषण सातपूरच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, आई छाया दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. शाळा सुटून स्नेहा घरी यायची तेव्हा दाराला कुलूप आणि किल्ली तिच्याच दप्तरात. कुलूप उघडताना ती “आले गं” असं मोठ्याने म्हणायची. सवय मोडायला नको म्हणून. जुलैत नांदगाव सोडताना तिने एवढं रडून घेतलं होतं की पप्पांनी शब्द दिला होता, “सहा महिने काढ. नाहीच करमलं तर परत आजोबांकडे पाठवतो.” डिसेंबर संपला की सहा महिने संपणार होते. स्नेहाचं उत्तर तयार होतं. फक्त सांगायचं बाकी होतं.

तोवर फोटो तर लावू, म्हणून ती आईच्या जुन्या मोबाइलवर फ्लेक्सबॉक्स, म्हणजे वेबपानावर चित्रं रांगेत लावायची रीत, शिकायला बसली. दोन दिवसांत जमलंसुद्धा! एक डबा घ्यायचा, त्याला ‘डिस्प्ले फ्लेक्स’ म्हणायचं, की आतले सगळे पीटीच्या तासासारखे एका ओळीत उभे राहतात. ‘रॅप’ म्हटलं की ओळीत न मावणारे गुपचूप खालच्या ओळीत जातात. आणि ‘फ्लेक्स-ग्रो एक’ म्हटलं की ओळीत उरलेली जागा त्या ओळीतले सगळे आपसांत सारखी वाटून घेतात. हा नियम स्नेहाला फारच आवडला. शेजारी रिकामी जागा कशी दिसते, हे शेवटच्या बाकावर बसून तिला चांगलं माहीत झालं होतं. तिने तो सदतीसच्या सदतीस जणांना लावून टाकला.

नावं टाइप करताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बऱ्याच जणांचे वाढदिवस पाठ आहेत. ज्याचा असेल तो रंगीत कपडे घालून येतो, चॉकलेट वाटतो, मग कसं विसरणार? तिचा स्वतःचा ऑगस्टमध्ये होऊन गेला होता. आईने चाळीस चॉकलेटं दिली होती. स्नेहाने पिशवी दप्तरात नेली आणि तशीच परत आणली. कुणाला काय म्हणून द्यायची? आई म्हणाली, “सगळ्यांनी विश केलं का गं?” स्नेहा म्हणाली, “हो, सगळ्यांनी.” मग रोज कुलूप उघडलं की एक, असं करत दसऱ्याच्या सुमारास ती चॉकलेटं संपली.

पान मोबाइलवर झकास दिसत होतं. पडदा अरुंद, त्यामुळे एका ओळीत एकच फोटो. एकाखाली एक, सगळे सारख्या मापाचे. तिने सरांना लिंक पाठवली.

शनिवारी हॉल पालकांनी गच्च भरला. स्नेहाची आई कामावर होती आणि पप्पा पहिल्या शिफ्टला, म्हणून ती खांबाला टेकून एकटीच उभी होती. देवरे सरांनी टीव्हीवर पान उघडलं. टीव्ही रुंद, त्यामुळे एका ओळीत सहा फोटो बसले. सहा ओळी अगदी देखण्या. “वा, वा,” कुणीतरी म्हणालं. सरांनी पान आणखी खाली सरकवलं.

सातव्या ओळीत एकच फोटो होता. हजेरी क्रमांक सदतीस. उशिरा दाखल झाल्यामुळे शेवटची. वाटून घ्यायला शेजारी कुणीच नव्हतं, म्हणून उरलेली सगळी जागा तिला एकटीलाच मिळाली होती. टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत स्नेहा. एकेक नाकपुडी जेवणाच्या डब्याएवढी.

मग मागून एका बाईंचा आवाज आला, “अय्या, वाढदिवस दिसतोय पोरीचा!”

त्यांचं काय चुकलं? सातपूरच्या कुठल्याही चौकात उभं राहून वर बघावं. बॅनरवर रांगेने बारीक बारीक डोकी असतात ते शुभेच्छुक, आणि एकच भला मोठा चेहरा असतो त्याचा वाढदिवस. इथे तर मोजून छत्तीस शुभेच्छुक होते.

मुख्याध्यापिका बाईंनी लगेच माईक घेतला. “आज आपल्या... काय नाव? हां, स्नेहाचा वाढदिवस! टाळ्या!”

“बाई, नाही, ते फ्लेक्स-ग्रो...” स्नेहा म्हणाली. पण टाळ्यांपुढे फ्लेक्स-ग्रो कोण ऐकणार?

शिपाई सखुबाईंनी सभेला बोलावलेल्या पाहुण्यांच्या गुच्छातला एक गुलाब उपसून तिच्या हातात दिला. मग ज्यांचा गुच्छ हलका झाला होता ते पाहुणे बोलायला उठले. “हल्ली मुलं फक्त स्वतःचा विचार करतात असं आपण म्हणतो,” ते गहिवरून म्हणाले. “पण या छत्तीस मुलांनी आपले फोटो लहान ठेवून मैत्रिणीचा मोठा केला! हिचा स्वभावच तसा असणार. सगळ्यांशी मिळून मिसळून वागणारी!”

छत्तीस मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. ही कल्पना आपल्यातल्याच कुणाची तरी असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि आपण सामील नव्हतो असं कळायला नको, म्हणून प्रत्येकजण जास्तच जोरात टाळ्या वाजवत होता. कुणीतरी टीव्हीचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला.

सभा सुटल्यावर गेटपाशी उजमाने तिला गाठलं. मागोमाग अरफाही आली.

“काय गं, सांगायचं तरी! आज आहे होय?”

स्नेहाच्या हातात गुलाब होता. “हो” म्हणणं एकदम सोपं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “ऑगस्टमध्ये होता.”

“मग ऑगस्टमध्ये का नाही सांगितलं?”

“कुणी विचारलं नाही.”

उजमाने उगाचच दप्तराचा पट्टा नीट केला. अरफा म्हणाली, “मग एवढा मोठा फोटो?”

“चुकून झाला. शेवटच्या ओळीत मी एकटीच होते ना.”

“म्हणजे शेवटी जो असेल तो मोठा होतो?” उजमाचे डोळे चमकले. “ए, माझा मंगळवारी आहे! मला शेवटी टाकता येईल?”

“येईल की. ‘ऑर्डर’ म्हणून असतं. नुसता आकडा बदलायचा.”

“आणि मग तू कुठे जाशील?”

“तुझ्या जागेवर. अरफाच्या शेजारी.”

“चालेल,” अरफा म्हणाली. “माझा फेब्रुवारीत आहे. लिहून ठेव हां.”

इकडे कंपनीच्या कँटीनमध्ये बुद्धभूषणच्या मोबाइलवर एकोणतीस शुभेच्छा येऊन पडल्या होत्या. आपण पोरीचा वाढदिवस विसरलो, असं वाटून त्याने चहा तसाच बाजूला ठेवला. त्याने नांदगावला वडिलांना फोन लावला.

“जयभीम, बाबा. आपल्या स्नेहाची जन्मतारीख काय हो?”

“आरं, बाप तू हायेस का मी?” कोंडाजी ओरडले. “पोळ्याच्या टायमाला झालीय ती. थंडीत कुठून वाढदिवस काढला?”

“पण सगळे पालक म्हणतायत, बाबा.”

“सगळे व्हते का बाळंतपणाला?”

तरीपण जोखीम नको, म्हणून घरी येताना त्याने अर्धा किलोचा केक मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आणला. दारातच छायाने अडवलं, “हे काय? तिचा ऑगस्टात झाला ना!” मग तिने ग्रुपवरचा फोटो पाहिला आणि ती स्नेहाकडे वळली. “तेव्हा सगळ्यांनी विश केलं होतं म्हणालीस. मग आज परत कसं काय?”

स्नेहाने केकच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तेव्हा कुणीच नव्हतं केलं, आई. कुणाला माहीतच नव्हतं.”

“आणि चॉकलेटं?”

“मी खाल्ली. रोज एक. चाळीसच्या चाळीस.”

छाया आत सुरी आणायला गेली आणि एका सुरीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ आतच राहिली. केक वाकडा झाला होता, पप्पा तो हाताने सरळ करत बसले. शेवटी बोट पुसून ते हळूच म्हणाले, “सहा महिने होत आलेच की गं. बाबांना कळवू का, पोरगी येतेय म्हणून?”

सुरी घेऊन आई बाहेर आली. स्नेहाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. मी नांदगावला नाही जाणार. मंगळवारी उजमाला शेवटच्या ओळीत टाकायचंय. आणि तिच्यानंतर अजून पस्तीस जण बाकी आहेत!”