निरोप विभागाचा विस्तार

जळगावच्या ‘तापीवेग सोल्युशन्स’ या सॉफ्टवेअर कंपनीत एका सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी योगेंद्र नेहेते आणि पियुष बोरोले या दोन प्रोग्रॅमरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. कंपनीत प्रोग्रॅमर दोनच होते. त्यामुळे तांत्रिक विभागात शंभर टक्के अबोला पसरला, असं म्हणायला हरकत नाही.

कारण लहान होतं. पियुषने शनिवारी लिहिलेला कोड योगेंद्रने सोमवारी उघडून पाहिला आणि त्याखाली शेरा मारला, ‘हे कोणी लिहिलंय?’ आता ते योगेंद्रने स्वतः लिहिलेलं नव्हतं, म्हणजे कोणी लिहिलं असेल, हे शोधायला चौकशी आयोग नेमावा लागला नसता. पियुषने शेरा तीनदा वाचला. त्याला शब्दांपेक्षा प्रश्नचिन्ह जास्त लागलं. दुपारी योगेंद्रने नेहमीप्रमाणे भरताचा डबा पुढे सरकवला, तर पियुषने मान फिरवली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कोरडीच खाल्ली. समोर भरीत असताना कोरडी भाकरी खाणाऱ्या माणसाचा राग किती खोल असतो, हे खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये दिपमाला बसायची. ती वरणगावहून रोज एसटीने यायची. शिकाऊ प्रोग्रॅमर म्हणून लागून तिला आठच दिवस झाले होते आणि आपण एकदाचं काहीतरी बनवणार, या आनंदात ती होती.

“दिपमाला, त्यांना सांग, सर्व्हर बंद पडलाय,” पियुष म्हणाला.

‘ते’ चार फुटांवर होते. दिपमालाने त्यांच्याकडे मान वळवली. “सर, सर्व्हर बंद पडलाय.”

“त्याला सांग, मी ऐकलं.”

“दादा, सरांनी ऐकलं.”

“ते मीही ऐकलं,” पियुष म्हणाला, “पण त्यांना सांगू नकोस.”

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी कंपनीचे मालक किरण सर पुण्याहून परतले. ते तिथे व्यवस्थापनाच्या कार्यशाळेला गेले होते. त्यांनी प्रकार ऐकून घेतला आणि हे भांडण नसून ‘कम्युनिकेशन गॅप’ आहे, असं निदान केलं. गॅप म्हटली की ती भरायला हवी. ती त्यांनी दिपमालाने भरली. तिला ‘संवाद समन्वयक’ असं पद देण्यात आलं आणि प्रोग्रॅमिंगच्या कामातून मुक्त करण्यात आलं.

“सर, त्यापेक्षा दोघांना समोरासमोर बसवून बघितलं तर?” तिने विचारलं.

“तो कार्यशाळेचा दुसरा भाग आहे,” सर म्हणाले. “माझी नोंदणी पहिल्याच भागाची होती.”

घरी आईने विचारलं, “मग तू नेमकं काय करते गं तिथे?”

“एक जण जे बोलतो ते दुसऱ्याला सांगते.”

“हे तर तुझ्या बाबांचं आणि काकाचं मी बावीस वर्षं करतेय,” आई म्हणाली. “मला मेलीला कधी कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.”

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. पियुष म्हणायचा, “त्या शहाण्याला सांग, फॉर्म नीट कर.” दिपमाला पलीकडे सांगायची, “सर, फॉर्मविषयी त्यांची एक विनंती आहे.” योगेंद्र म्हणायचा, “मी माझ्या वेळेने करेन, त्याचा मी नोकर नाही.” ती अलीकडे सांगायची, “सर बघतो म्हणालेत.” महिनाभरात दोघांनीही किरण सरांकडे तक्रार केली की, दिपमाला समोरच्याच्या बाजूची आहे, कारण समोरच्याकडून एवढं गोड बोलणं येणं शक्यच नाही.

तक्रार रास्त होती. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र समन्वयक देण्याचं ठरलं. दिपमाला योगेंद्रच्या बाजूला गेली आणि पियुषसाठी पहूरची नूतन नेमली गेली. नूतनच्या आईने, वच्छलाबाईंनी, मुलगी कॉम्प्युटर कंपनीत लागली म्हणून गल्लीभर पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात दिपमाला आणि नूतन चहाला एकत्र गेल्या. दुसऱ्या आठवड्यात परिपत्रक निघालं की, विरुद्ध बाजूंच्या समन्वयकांनी एकत्र चहा घेतल्यास निरोपाची तटस्थता बाधित होते. मग त्या दोघींमध्ये निरोप पोहोचवायला एक मध्यस्थ नेमला गेला. मध्यस्थाने शब्द बदलले तर? म्हणून एक पडताळणी अधिकारी आला. त्याला पडताळायला लेखी पुरावा लागायचा, म्हणून निरोप नमुना ‘क’ मध्ये तीन प्रतींत देण्याची पद्धत सुरू झाली. तीन प्रती ठेवायला कपाट लागलं, कपाटाला किल्ली आणि किल्लीला प्रभारी.

अशा रीतीने निरोप विभाग उभा राहिला. वर्षभरात त्यात चोवीस माणसं झाली आणि दिपमाला त्याची प्रमुख झाली. तिला काचेची केबिन मिळाली. प्रोग्रॅमर दोनच राहिले. निरोपांसाठी वेगळं सॉफ्टवेअर बनवावं, अशी सूचना मध्यंतरी आली होती आणि ती एकमताने मंजूरही झाली. पण ते बनवायचं योगेंद्र आणि पियुषने मिळून होतं, त्यामुळे तो विषय अजून निरोपात आहे.

मूळ काम होतं धुळ्याचं. देवपूरमधल्या एका शिक्षण संस्थेला प्रवेशाचं सॉफ्टवेअर हवं होतं. विद्यार्थ्याने भरायचा फॉर्म योगेंद्रने करायचा आणि भरलेली माहिती पियुषने साठवायची. तेही काम नियमानुसार चालू होतं. जन्मतारखेच्या रकान्यात आधी दिवस घ्यायचा की आधी महिना, असा प्रश्न पियुषकडून निघाला. नऊ कार्यालयीन दिवसांनी योगेंद्रचं उत्तर आलं, ‘होय.’ ते खुलाशासाठी परत पाठवण्यात आलं.

चौदा महिने असे गेल्यावर देवपूरहून संस्थेचे हेडक्लार्क रोहिदास नाना स्वतः जळगावला आले. प्रवेश तोंडावर आले होते. गेल्या वर्षी सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून पालकांची रांग पांझरा नदीच्या पुलापर्यंत गेली होती आणि तिचं शेवटचं टोक आत आलं तेव्हा पहिल्या मुलाची घटक चाचणी सुरू होती. या वर्षी तसं झालं तर निवृत्तीआधी आपली चौकशी लागणार, या काळजीने नानांची झोप उडाली होती.

“मला प्रोग्रॅमरला भेटायचं आहे,” ते दारातल्या मुलीला म्हणाले.

“नमुना ‘क’ भरा. तीन प्रती.”

नानांनी एकतीस वर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेतले होते. स्वतःला फॉर्म भरायला लागताच त्यांच्या तोंडातून ऑफिसची मराठी निघून गेली आणि घरची अहिराणी आली.

“काय चाली ऱ्हायनं हाई?” ते गरजले आणि सरळ आत घुसले. मध्ये मध्यस्थ आडवा आला, पडताळणी अधिकारी आडवा आला, कपाटाचा प्रभारी किल्ली घेऊन आडवा आला. नानांनी वाट काढली आणि टोकाच्या खोलीत योगेंद्र व पियुष एकमेकांकडे पाठ करून बसले होते तिथे पोहोचले.

“दोन्ही जन आठे बठा,” त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. “आते बोला. भांडन कसानं शे?”

दिपमाला धावत आली होती. ती दारातच थांबली. चौदा महिन्यांत तिने या दोघांना समोरासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. योगेंद्रच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते, हे पियुषलाही आत्ताच दिसत असावं.

“यांनी माझ्या कोडखाली लिहिलं होतं,” पियुष घोगऱ्या आवाजात म्हणाला, “‘हे कोणी लिहिलंय’ म्हणून.”

“हो, लिहिलं होतं,” योगेंद्र म्हणाला. “चांगलं होतं म्हणून लिहिलं. मला वाटलं, नेटवरून कुठून तरी घेतलंय. एवढं सुबक आपल्या इथे कोण लिहितो, म्हणून विचारलं.”

पियुषने खुर्ची पुढे ओढली.

“मग तसं सांगायचं ना सर!”

“तू विचारलंस कुठे? तू भाकरी कोरडी खात बसलास.”

नाना म्हणाले, “हात तिच्या!” आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. दोघं कामाला लागले. आधी दिवस, मग महिना, हे चार सेकंदांत ठरलं. दोघं एकमेकांच्या स्क्रीनवर बोटं ठेवत होते, हसत होते, एकमेकांना मूर्ख म्हणत होते आणि ते कुणी विनंतीत बदलून देत नव्हतं. सायंकाळी पाच वाजता सॉफ्टवेअर तयार झालं. नाना ते घेऊन धुळ्याच्या गाडीत बसले. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर काम तिने कंपनीत प्रथमच पाहिलं होतं.

केबिनमध्ये परत आली तेव्हा तिथे तेवीस माणसं उभी होती.

“ताई,” नूतन रडवेली झाली होती, “ते दोघं आता असेच बोलत राहिले तर आम्ही काय करायचं? पहूरला मी काय तोंड दाखवू?”

किरण सरांनी तातडीची बैठक घेतली. पहिला ठराव असा आला की, सदर संभाषणाला जावक क्रमांक नाही, सबब ते झालेलंच नाही. पण ते झालेलं नाही असं धरलं तर सॉफ्टवेअर कुठून आलं, असा प्रश्न पडताळणी अधिकाऱ्याने उपस्थित केला आणि लगेच मागे घेतला. दुसरा ठराव होता, थेट बोलल्याबद्दल दोघांना कारणे दाखवा नोटीस द्यावी. त्यावर सर म्हणाले, “नोटीस दिली तर दोघं एकत्र बसून उत्तर लिहितील.”

मग सगळ्यांनी दिपमालाकडे पाहिलं. दोघांना तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. तिने खिडकीतून पाहिलं. खाली टपरीवर योगेंद्र आणि पियुष एका कपातला चहा दोघांत वाटून घेत होते. तिला वाटलं, हे असंच राहू द्यावं. मग तिला नूतनचं नाक ओढणं ऐकू आलं. मग आपली काचेची केबिन आठवली. कोणती गोष्ट आधी आठवली, याबद्दल तिने पुढे स्वतःलाही कधी विचारलं नाही.

“सर,” ती म्हणाली, “इतकं चांगलं काम झालं, तर सत्कार करायला हवा. ‘उत्कृष्ट संघभावना पुरस्कार’. एक छानशी ढाल.”

“दोघांना दोन ढाली?”

“नाही सर,” दिपमाला म्हणाली. “एक.”

कपाटाच्या प्रभारीने किल्ली परत कमरेला अडकवली. मग सर उठले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

शनिवारी समारंभ झाला. ढाल ज्येष्ठतेनुसार योगेंद्रला मिळाली. त्याला खरोखर संकोच वाटत होता आणि त्याने चार शब्द बोलायचं नाकारलंही होतं. पण आग्रह झाला. “हे सगळं माझ्या एकट्याचं नाही,” तो मनापासून म्हणाला. “मला मदत करणाऱ्या सर्वांचे आभार. विशेषतः पियुषचे.”

‘मदत’ हा शब्द दिपमालाने सुचवलेला नव्हता. तो त्याचा त्यालाच सुचला. पियुषने दोन टाळ्या वाजवल्या, मोजून दोन, आणि हात खिशात घातले. पुढे बसलेल्या नूतनने हळूच मागे वळून दिपमालाकडे पाहिलं आणि डोळे मिटून सुस्कारा सोडला.

त्या संध्याकाळी एसटीत वरणगावपर्यंत दिपमाला उभीच राहिली. जागा होती, पण बसवेना.

सोमवारी सकाळी पियुषने नमुना ‘क’ मागवला. विभागात पेढे आले. पुढच्याच आठवड्यात देवपूरहून नानांचा फोन आला. सॉफ्टवेअर उत्तम चाललं होतं, फक्त एका रकान्यात ‘वडिलांचे नाव’ दोनदा छापून येत होतं, आईचं येतच नव्हतं. एवढं बदललं की झालं.

“नोंद घेतली नाना,” दिपमाला म्हणाली. तिच्या आवाजात इतकी आपुलकी होती की नाना फोन ठेवताना तिला आशीर्वाद देऊन बसले.

हे वाचून दिपमालाचा राग येणं स्वाभाविक आहे. अशा माणसांमुळेच साधी कामं वर्षानुवर्षं अडतात, हेही खरं. असं एखादं माणूस प्रत्येक ऑफिसात असतं, तुमच्याही असेल. कोण ते जरा आठवून बघा. पाच मिनिटं आठवूनही एकही नाव सुचलं नाही, तर मात्र सहकाऱ्यांना विचारायला जाऊ नका. त्यांना लगेच सुचेल.