अनवाणी माणसांचा क्ष

परबकाकांना "आत किती माणसं आहेत हो?" असं विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. सरळ डोकावून डोकी मोजावीत की नाही? छे! काका दाराबाहेरच्या चपलांसमोर उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "समजा, क्ष!"

नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली आमच्या शेजारी. शाळेत गणित शिकवायचे. नोकरी सुटली, खोड सुटली नाही.

एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाचे द्रोण किती लावू, असं आईने त्यांना विचारलं. झालं!

"चपला अठ्ठेचाळीस, म्हणजे बाहेरचे पाहुणे चोवीस. पण मजल्यावरची आपली माणसं अनवाणीच येतात. ती क्ष. आता सांगा वहिनी, चहा किती गेला?"

"एकतीस कप."

"शाब्बास! पाहुण्याला पूर्ण कप, शेजाऱ्याला अर्धा. म्हणून चोवीस अधिक क्षचा अर्धा बरोबर एकतीस. एकतिसातून चोवीस गेले, उरले सात. म्हणजे क्ष चौदा! एकूण अडतीस!"

उत्तर बरोबर होतं. फक्त तोवर प्रसाद वाटून संपला होता. "ह्यांका मोजूक सांगू नको गो," परबकाकी आईला म्हणाल्या, "शिरो थंड होतलो."

एका बारशाला तर साडेतेवीस पाहुणे निघाले. काका घाम पुसत पुन्हा पुन्हा मांडणी तपासत होते आणि जिन्याखाली एक कुत्रा कुणाचीतरी कोल्हापुरी चघळत होता.

क्ष मोठा आला की मात्र स्वारी खूश. "ज्याच्या घरी क्ष मोठा, तो खरा श्रीमंत रे," म्हणायचे. आम्ही हसायचो.

मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला. चावी हातात पडायच्या आधीच काकी गेल्या. काकांना फ्लॅट मिळाला तो आमच्या समोरचाच.

गेल्या महिन्यात त्यांनी वास्तुशांत केली. जुना मजला झाडून सगळा आला. कुणी नवव्या मजल्यावरून, कुणी सोळाव्या, लिफ्टने. मी बाहेर आलो तर काका चपलांसमोर उकिडवे.

"काय काका, क्ष किती?" मी चेष्टेने विचारलं.

"शून्य येतो रे. चपला बावन्न, माणसं सव्वीस. आज मुद्दाम आत जाऊन डोकीसुद्धा मोजली."

"पण ही सगळी आपलीच माणसं ना?"

"हो ना. म्हणून तर परत परत करतोय." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ही असताना दिवसभर कुणी ना कुणी यायचं, साखर माग, विरजण माग. सकाळी दार उघडं ठेवून बसतो मी. लिफ्ट वाजते, समोरून निघून जाते."

मला फार वाईट वाटलं.

"ह्या सँडल कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. चार पावलांवर तर होतं.

मग ते वाकले आणि माझ्या सँडल उचलून भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवल्या, परक्या माणसाच्या ठेवाव्यात तशा.