पास्कल तुस्कानोचा शुक्रवार

पास्कल तुस्कानो समुद्रावर लेव्हल घेऊन यायचा. लेव्हल म्हणजे गवंडी भिंत तपासायला वापरतात ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत पाणी आणि एक बुडबुडा असतो. शुक्रवारी दुपारी अल् घुब्राच्या किनाऱ्यावर अर्धं मस्कत चटया टाकून मोकळं झालेलं असायचं आणि आम्ही चौघं मात्र सामान हातात घेऊन उभे. का, तर पास्कल गुडघे टेकून, वाळूवर पट्टी ठेवून, बुडबुडा मधोमध येण्याची वाट बघतोय. बुडबुडा डावीकडे पळाला की डावीकडची वाळू उजवीकडे. पुन्हा पट्टी. आता बुडबुडा उजवीकडे.

आमच्या शेजारी एक ओमानी कुटुंब दर शुक्रवारी बसायचं. तोवर त्यांचा गालिचा पसरून, खजूर खाऊन कहव्याची, म्हणजे त्यांच्या कॉफीची, दुसरी फेरी सुरू झालेली असायची. पहिल्या वर्षी त्यांच्यातले आजोबा उठून आले आणि आमच्याबरोबर वाळू चाळायला लागले. त्यांना वाटलं, आमच्या घरातलं सोनं हरवलंय.

"चटई कलती असली की चहा सांडतो, कर्णिकसाहेब," पास्कल मान वर न करता म्हणायचा. "सिस्टीम पायजे."

हा माणूस आमच्या घरात एसीमार्गे शिरला. मी अल् खुवैरला एका विमा कंपनीत नोकरी करत होतो आणि अल् घुब्रात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. जूनमध्ये आमचा एसी बंद पडला, तेव्हा इमारतीच्या देखभालीचं काम करणाऱ्या कंपनीने जो मेकॅनिक पाठवला तो हा. बुटका, गोल, वसईचा. मराठी ऐकून शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला चहा दिला. इथे चूक झाली. चहा पिता पिता त्याने एसी दुरुस्त केला, आमचा सोफा हवा अडवतो म्हणून दुसऱ्या भिंतीला नेला, पलंग फिरवला आणि जाताना सहज विचारलं की शुक्रवारी आपण काय करता. मी म्हणालो, समुद्रावर जातो, या कधी तरी. आपण जसं म्हणतो तसं म्हणालो.

तो आला. आणि पुढची आठ वर्षं येत राहिला.

शुक्रवारी सकाळी तो चर्चला जायचा, कारण आखातात रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते. तिथून खोलीवर जाऊन कपडे बदलून बरोबर सव्वातीनला आमच्या गाडीपाशी उभा. पुढच्या सीटवर तो बसायचा. शुभा मागे मुलांबरोबर. हे कधी ठरलं ते आम्हां दोघांनाही सांगता येणार नाही.

किनाऱ्यावर पोचलं की सिस्टीम चालू. बोट ओलं करून तो आधी वारा बघायचा. समुद्र म्हणजे देवाने बसवलेलं मोठं एसी युनिट, असं त्याचं मत होतं, आणि समोर कसं बसायचं हे लोकांना कळत नाही म्हणून तो हळहळायचा. मग चटई. मग प्रत्येकाने एक ग्लास पाणी, तहान असो वा नसो. मग उकडलेले चणे, त्यांत कांदा नाही, कारण आमच्या सईला कांदा चालत नाही. मग पोरांनी गुडघ्याएवढ्या पाण्यात जायचं, त्यापुढे नाही, कारण सईला लाटांची भीती वाटते. आमचा धाकटा निखिल पाण्यातला मासा होता. त्याने बहिणीच्या भीतीची शिक्षा का भोगायची, हा प्रश्न तो दर आठवड्याला इंग्रजीतून विचारायचा. "अंकल, आय ऍम नॉट सई." पास्कल त्याला गुडघ्यावर बोट ठेवून पाण्याची पातळी दाखवायचा आणि म्हणायचा, "खलास."

निघताना पायांची तपासणी. पाच लिटरचा कॅन, रांग, आणि बोटांच्या बेचक्यांत वाळू राहिली का ते वाकून बघणं. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली सहा जण, आणि पार्किंगमध्ये एका पायावर उभा राहून एसी मेकॅनिकला तळवा दाखवतोय.

एकदा आम्ही पळून गेलो. घरात दोन दिवस कुजबुजत बेत आखला, पास्कलला फोनवर सांगितलं की सईला ताप आहे, आणि गुपचूप कुरुमच्या किनाऱ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट दुपार गेली. चहा सांडला. भरती आली आणि चटई भिजली. निखिल छातीएवढ्या पाण्यात गेला आणि शुभा ओरडून ओरडून बसक्या आवाजाने घरी आली. पुढच्या शुक्रवारी पास्कल गाडीत बसला, पायाखालच्या मॅटवरून चिमूटभर वाळू उचलली, तळव्यावर पसरली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ही घुब्राची नाय," तो म्हणाला. "ही कुरुमची."

मागच्या सीटवर सईने खोकून बघितलं. पास्कलने वाळू बाहेर झटकली आणि तिचा ताप आता कसा आहे ते विचारलं. मग पूर्ण दुपार तो चकार शब्द बोलला नाही, आणि ते त्याच्या बोलण्यापेक्षाही असह्य झालं. पुन्हा आम्ही पळून गेलो नाही.

आता तुम्ही विचाराल, हा एकटा का जात नव्हता. किनाऱ्यावर तसा काही फलक नव्हता. पण बायकामुलांच्या गर्दीत एकटा बाप्या बसला की आजूबाजूचे माना वळवून बघतात. एकदा तो असाच एकटा बसला असताना कुणीतरी येऊन फार नम्रपणे सांगितलं होतं, भाई, इथे फॅमिली बसतात. पास्कलला फॅमिली होती. पण ती वसईला होती, कारण त्याच्या पगारावर त्याला फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकामुलांना आणून ठेवायची परवानगी, मिळत नव्हतं. कागदोपत्री तो बॅचलर. दर नव्या वर्षी त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, इन्शाल्ला म्हणायचा आणि पास्कल ते आम्हांला तारखेसारखं सांगायचा. यंदा नक्की.

त्याची मुलगी ज्युली सईच्याच वयाची. ती दीड वर्षाची असताना तो ओमानला आला. दर दोन वर्षांनी एक महिना रजा. हे कळल्यावर आम्हांला त्याचे प्रश्न कळायला हवे होते, पण आम्ही वैतागायचोच. सई किती वाजता झोपते. सईला गणित जड जातं का. सईचे दात पडले का, किती. गावी जाणारं कुणी भेटलं की तो एसीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वर यायचा, सईला त्यावर उभं करायचा आणि पेन्सिलीने तिच्या पावलाची कड काढायचा. त्या मापाच्या सँडल मस्कतमधल्या रुईच्या बाजारातून वसईला जायच्या. सई गुदगुल्या होऊन हसायची आणि तो म्हणायचा, "हलू नको, माप चुकेल."

आठव्या वर्षी अर्बाबाने सही केली. फॅमिली स्टेटसवर नाही, पण महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर. ही बातमी सांगायला पास्कल एका मंगळवारी आला आणि कुठल्याही खुर्चीची जागा न बदलता बसून राहिला. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, मागच्या रजेत ज्युली महिनाभर आजीच्या मागे लपत होती. निघताना विमानतळावर तिची आई म्हणाली, पप्पांना टाटा कर. तिने केला. "टाटा अंकल, म्हणाली," पास्कलने सांगितलं. "लहान होती, साहेब. आता महिना आहे. महिन्यात ती पप्पा म्हणाली पायजे."

मायलेकी आल्या, आणि पहिल्याच शुक्रवारी ते तिघं टॅक्सीने आमच्या आधी किनाऱ्यावर पोचले. एलिझा, त्याची बायको, उंच आणि शांत. ज्युली तिच्या खांद्याला टेकून बसलेली, वेणी घट्ट, नजर सावध. आणि पास्कल पाच जणांची कामं एकटा करत असलेला. त्याने पाणी दिलं. चणे काढले. मग पोरांना गोळा करून गुडघ्यावर बोट ठेवलं आणि लाट आली की घाबरायचं नाय, मी आहे, असं ज्युलीला समजावू लागला. त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ज्युली कमरेएवढ्या पाण्यात होती. पुढची लाट आली, तशी ती त्या लाटेखालून सुळकन निघून पलीकडे वर आली. निखिलने आनंदाने आरोळी ठोकली. पास्कल बुटांसकट पाण्यात धावला.

"राहू द्या हो," एलिझा जागेवरूनच म्हणाली. "रोज असते ती पाण्यात. आमचं घर काय डोंगरावर आहे?"

ज्युली परत आली, सँडल पायांत अडकवल्या, चणे तोंडात टाकले आणि आईकडे बघून हळूच म्हणाली, कांदा नाही का, आणि मिरची? पास्कलने हे ऐकलं. तो उठून कांदा शोधायला निघाला, तर शुभाने त्याला खाली बसवलं. तेवढ्यात तिचं लक्ष ज्युलीच्या पायांकडे गेलं. नवीन सँडल, आणि टाचा मागे बोटभर बाहेर.

शुभाची नजर बघून एलिझाने आवाज खाली करून सांगितलंच. दर वेळी लहान येतात. मी म्हटलं, लिहू या त्यांना. तर हीच नको म्हणते, त्यांना वाईट वाटेल म्हणते.

आवाज पुरेसा खाली गेला नव्हता. पास्कल चटईच्या कडेला बसला होता. त्याने आधी त्या टाचांकडे पाहिलं, मग वाळूत किल्ला करत बसलेल्या सईच्या पावलांकडे. आठ वर्षं त्याने एक मुलगी पाठ केली होती. ती माझी होती.

शुभाला त्याची दया आली. तिने ज्युलीला जवळ घेतलं आणि त्याच्या वतीने चौकशी सुरू केली. कितवीत आहेस गं, मैत्रिणी किती, आवडतं काय?

"वहिनी, थांबा," पास्कल म्हणाला. "मी विचारतो."

दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तो बसला होता. मग म्हणाला, "तुला भीती कशाची वाटते?"

ज्युलीने आईकडे पाहिलं. एलिझा मदतीला आली नाही.

"तुमची," ज्युली म्हणाली. "थोडी."

मी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मला वाटलं, आता हा उठेल. त्याने मान हलवली, एखाद्याने बरोबर उत्तर दिलं की हलवतात तशी.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आपली ओळख कुठं झाली?" आणि मग ज्याला आम्ही आठ वर्षं ओळखत होतो असं मला वाटत होतं, त्याने स्वतःच्या मुलीला आपली ओळख करून दिली. "माझं नाव पास्कल. एसीचं काम करतो. खोलीत आम्ही पाच जण, माझा पलंग खिडकीपाशी. डाळ मला चांगली येते, भात चिकट होतो. काळोखात मला झोप येत नाय, म्हणून मी बाथरूमचा दिवा चालू ठेवतो आणि बाकीचे शिव्या घालतात. शुक्रवारी या लोकांबरोबर येतो. माझं ऐकून घेतात बिचारे."

शुभाने पदर नाकाला लावला. मी समुद्राकडे बघत राहिलो.

ज्युली त्याला निरखत होती. "पाच जणांत घोरतं कोण?" तिने विचारलं.

"सगळे म्हणतात, मी."

ती हसली. मग शुभाच्या जवळून सरकली, त्याच्याकडे तोंड करून मांडी घातली आणि म्हणाली, "अजून सांगा."

पप्पा ती अजून म्हणाली नव्हती. पण त्या किनाऱ्यावर आठ वर्षांत पास्कल तुस्कानोला अजून सांगा असं आमच्यापैकी एकानेही म्हटलं नव्हतं.